पहिल्या पुलबॅकला डोळे झाकून उडी? आधी १३ डिसेंबरचा चार्ट उघडा

तिसरी_कॅन्डल
काल एका ग्रुपवर वाचलं: "ट्रेंड पलटला की पहिला पुलबॅक म्हणजे बाजाराची भेट. नेकलाइनला टेकला की घ्यायचं, प्रश्न विचारायचे नाहीत." खाली अंगठ्यांची रांग. (पुलबॅक म्हणजे दिशा पलटल्यावर भाव तात्पुरता उलट फिरतो तो; नेकलाइन म्हणजे तळांमधल्या उंचवट्याची रेषा, ती ओलांडली की ट्रेंड पलटला असं धरतात.) डोकं फिरलं, म्हणून हे लांबण.

२०२४ आठवा. २७ सप्टेंबरला शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी २६,२७७. २१ नोव्हेंबरला २३,२६३. तिथून उसळून ५ डिसेंबरला २४,८५७. कुणाला डबल बॉटम (एकाच पातळीवर दोन तळ) दिसला, कुणाला उलटा हेड अँड शोल्डर (तीन तळ, मधला सर्वांत खोल); दोन्ही चढाच्या खुणा. मी शहाण्यासारखा पुलबॅकसाठी थांबलो. १२ तारखेला २४,५५०च्या आसपास घेतलं, एसएल, म्हणजे तोटा थांबवायला आपोआप विकायचा भाव, २४,३००. दुसऱ्या दिवशी खाली २४,१८०! एसएल उडाला. आणि त्याच दिवशी बंद कुठे? २४,७६८. बाजार बंद व्हायच्या आधीच मी चिडून पुन्हा घेतलं होतं. पुढच्या शुक्रवारी २३,५८७. ही म्हणे भेट.

उतरता_जिना
पुलबॅकचा दोष नाही, तुम्ही जिना उलटा धरलात. ट्रेंड पलटला होता तो २६,२७७ वरून, खाली. २४,८५७ हाच त्याचा पुलबॅक, पडझडीच्या निम्म्याहून जरा वर. तिथे शॉर्ट (आधी विकून पडझडीवर कमावणं) शोधायचं, लाँग (खरेदी) नाही.

तिसरी_कॅन्डल
वा! ५ डिसेंबरला कुठे होतात? तेव्हा हे ज्ञान फुकट का नाही वाटलंत?

डोंबिवली_लोकल
फुकट? मी याच ज्ञानाचे ३२ हजार मोजलेत. ठाण्यात हॉल, दोन दिवस, वडा-चहा धरून. सर प्रोजेक्टरवर चार्ट लावायचे आणि लेसरने दाखवायचे, "इथे एन्ट्री, इथे एक्झिट." शेवटी मी म्हटलं, सर, चार्टची उजवी बाजू, म्हणजे पुढे काय झालं ते, वहीने झाका आणि मग सांगा. सर म्हणाले, "तुमचा माइंडसेट निगेटिव्ह आहे." हॉल हसला. वडा मात्र चांगला होता.

फळा_खडू
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. जानेवारी २०२५मध्ये बाजाराची नियामक संस्था सेबीने निव्वळ शिकवणाऱ्यांना मागच्या तीन महिन्यांचे भाव वापरायला मनाई केली होती. जुना चार्ट लावला की तुम्हीच म्हणणार, शिळं वाढलं.

डोंबिवली_लोकल
म्हणजे तुम्ही क्लास घेता.

फळा_खडू
घेतो. चोरी करतो का? गणिताच्या शिकवणीला पैसे देताना नाही दुखत पोट!

डोंबिवली_लोकल
गणिताच्या सरांना गणित येत असतं. तुमचं स्वतःचं पी अँड एल (नफा-तोट्याचा हिशेब) टाका, मी इथेच जाहीर माफी मागतो.

फळा_खडू
कुणाही ऐऱ्यागैऱ्याला मी माझं खातं दाखवणार नाही.

डोंबिवली_लोकल
आलं लक्षात.

अप्पा_मुदतठेव
भांडा. सेबीनेच सांगितलंय, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के लोक तोट्यात. आमची एफडी रात्री झोपू देते.

उतरता_जिना
अप्पा, तो आकडा एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सचे वायदे, करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सचा. तुम्ही प्रत्येक धाग्यावर तिकिटासारखा चिकटवता. डिलिव्हरीत, म्हणजे शेअर खात्यात ठेवायला, घेणारे त्यात नाहीत.

तिसरी_कॅन्डल, मी काही देव नाही. माझं ऐका. मार्च २०२०ला ७,५११चा तळ, ३० एप्रिलला ९,८६०. मग महाराष्ट्र दिनाची सुट्टी, शनिवार-रविवार, आणि ४ मेला एका दिवसात ५६६ अंक खाली. भावाने त्याच दिवशी सगळं विकलं. १८ला आणखी पडून ८,८२३. मी पडताना हात घातला नाही. जुना तळ बराच खाली होता, म्हणजे हायर लो (आधीच्यापेक्षा वरचा तळ) होण्याची शक्यता जिवंत. २०ला ९,०६६ वर बंद झाला तेव्हा निफ्टीबीज (निफ्टीच्या मागे चालणारा फंड, शेअरसारखा विकत मिळतो) घेतले. त्यानंतर बाजाराचे तीन दिवस भाव जागचा हलेना. लॉकडाऊन, घरात चौघे, मी भांडी घासताना मोबाइल बघतोय. २७ला एकदम २८५ अंक वर. आणि मी काय केलं? ९,५००च्या पुढे दिसताच घाईने विकून मोकळा. पुढच्याच आठवड्यात दहा हजार पार.

तिसरी_कॅन्डल
म्हणजे पॅटर्न बरोबर, एन्ट्री बरोबर, तरी हातात अर्धंच. माझाच मुद्दा झाला.

उतरता_जिना
अर्धं तरी आलं. तुम्ही रागाच्या भरात दुसऱ्यांदा घेतलंत, त्याला कुठला पॅटर्न होता?

तिसरी_कॅन्डल
नव्हता. झालं समाधान? आणि हो, आठवड्याचा चार्ट उघडलाच नव्हता मी. आत्ता उघडला. २४,८५७ तिथे उतारावरच्या उचकीसारखं दिसतंय. तुमच्या त्या जिन्याला एक पायरी दिली, यापुढे मागू नका. पण "डोळे झाकून, प्रश्न विचारायचे नाहीत" लिहिणारा माणूस अजूनही मूर्खच.

फळा_खडू
ते वाक्य संदर्भाशिवाय उचललंय. पूर्ण पोस्ट वाचली असतीत तर...

डोंबिवली_लोकल
थांबा. ती पोस्ट तुमची होती?

अप्पा_मुदतठेव
😀

डोंबिवली_लोकल
सर, ठाण्यात हॉल तुमचाच होता का? माझे ३२ हजार...