बाइक क्लबात राहून काय मिळालं, काय सोसलं? अनुभव लिहा

घाटवाटा:
परवा स्वारगेटच्या सिग्नलला शेजारी एक येझ्दी येऊन थांबली. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टू-टी ऑइलचा वास नाकात गेला आणि मी थेट २००८ च्या जुलैत पोचलो. क्लबाबरोबरची पहिलीच राइड, धो धो पाऊस. वाघजाईजवळ भजी खाऊन वरंधा उतरायला लागलो आणि माझ्या बुलेटची क्लच केबल तुटली. पुढचे सगळे धुक्यात केव्हाच दिसेनासे झाले होते. मागून स्वीपचे काका आले. स्वीप म्हणजे शेवटची गाडी, तिच्या मागे आपलं माणूस राहता कामा नये. काका काही बोलले नाहीत, सरळ टाकीखाली हात घातला. महिन्यापूर्वी त्यांनीच माझ्या चालू केबलशेजारून दुसरी केबल ओढून इन्सुलेशन टेपने बांधून ठेवली होती. मी विसरलोही होतो. ओल्या बोटांनी लिव्हरमधलं तुटकं टोक काढलं, नवीन अडकवलं, खाली अॅडजस्टर पिळला. दहा मिनिटांचं काम. म्हणाले, "चल, महाडला चहा सांगून ठेवला असेल."

पुढे त्याच क्लबात टीशर्टच्या पैशांवरून भांडणं लागली, दोन गट पडले. काकांनी ग्रुप सोडला तेव्हा एकानेही त्यांना फोन केला नाही. मीही नाही. ते अजून डाचतं. बरंवाईट जे असेल ते लिहा.

दोनस्ट्रोक:
येझ्दीचा वास!! माझी रोडकिंग आहे, बाबांची. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला, तेव्हापासून आम्ही एकमेकांच्या पार्टवरच जगतोय. क्लबात आलो तो त्याचसाठी. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझ्दी दिवसाला सगळ्या गाड्या एका जागी लागतात. गिअरचीच दांडी आत दाबून फिरवली की किक होते, हे बघायला लहान पोरं गोळा होतात. तो दिवस मी चुकवत नाही. मुलीच्या बारशालासुद्धा तारीख बघून घेतली होती.

सोलापूरची:
मी ३५० सीसीची बाइक चालवते. पहिल्या दोन राइडला मला लीडच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या गाडीच्या, मागे दुसरी ठेवली, "ताई, तुम्ही इथेच राहा." फार लागलं होतं मनाला. नंतर कळलं की नवीन माणूस तिथेच ठेवतात, पुरुष असो की बाई, म्हणजे लीडला आरशात दिसत राहतो. ते पटलं. पण तिसऱ्या वर्षीही तिथेच? वाद घातला, मग लीड मिळाली. तुळजापूरची राइड होती, सोळा गाड्या. खड्डा दिसला की पाय बाहेर काढून दाखवायचा, मागचा त्याच्या मागच्याला दाखवतो. आरशात एकामागून एक पंधरा पाय बाहेर येताना बघितले आणि डोळ्यात पाणी आलं.

अहो आहेत का घरी:
मी चालवत नाही, नवरा चालवतो. रविवारी पहाटे पाचला गाडी सुरू, सासूबाई जाग्या, बाळ जागं. परत येतो दुपारी दोनला. महिन्यातले चारही रविवार!! यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहिलं. कुकर झालाय, येते.

सोलापूरची:
@अहो, दोन रविवार तुमचे ठरवून घ्या. आमच्या क्लबात तसा नियमच केलाय.

करवीरचा:
काय सांगायचं भावा. आईचं ऑपरेशन मिरजेत होतं, रात्री अकराला रक्त लागंल म्हणाले. ग्रुपवर एक ओळ टाकली. कोल्हापुरातनं चौघं आली, त्यातला एक तर माझ्याशी सहा महिनं बोलत नव्हता. आरएक्स १०० वरनं आला गडी, जॅकेट न घालता, थंडीचं. रक्त दिलं, चहा पिला, गेला. भांडण कशावरनं होतं ते आता मलाबी आठवत नाही.

दोनस्ट्रोक:
आई बऱ्या आहेत ना आता?

करवीरचा:
ठणठणीत. काल भाकरी थापत हुती.

खाडीपलीकडे:
आम्ही लडाखला गेलो तेव्हा लीडने लेहला दोन रात्री सक्तीने थांबवलं. इतकी कुरकुर केली आम्ही, सुट्टी मोजकी होती. तिसऱ्या दिवशी खारदुंग ला खिंड चढताना दुसऱ्या ग्रुपमधला एक मुलगा रस्त्याच्या कडेला ओकत बसलेला दिसला, ओठ निळे. ते आदल्याच दिवशी विमानाने आले होते. आमच्या लीडने आधी त्याला खाली पाठवलं, मग आम्ही पुढे गेलो. वरच्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलं होतं. खरी उंची साधारण १७,५८२ फूट आहे, पण दम लागायला तेवढीही पुष्कळ. कार्ब्युरेटरच्या गाड्या काळा धूर ओकत होत्या.

आंबोलीकर:
मी क्लब सोडला तो सायलेन्सरच्या आवाजामुळे. सकाळी सहाला अकरा गाड्या फाडफाड करत गावातून चालल्या होत्या. एक म्हातारे बाहेर आले आणि नुसते हात जोडून उभे राहिले. घरात बाळंतीण होती. मी थांबून माफी मागितली, बाकीचे निघून गेले. ग्रुपवर लिहिलं तर "एवढं काय त्यात" असं उत्तर आलं. रस्ता आपल्या एकट्याचा नाही. ते हात अजून दिसतात मला.

मिसळप्रेमी:
भोरला जाताना सकाळी मिसळ कुठे खाता हो लोक?

अहो आहेत का घरी:
@आंबोलीकर मनापासून धन्यवाद. नवऱ्याला वाचायला दिलंय.

खाडीपलीकडे:
@घाटवाटा, ते काका आता कुठे असतात?

घाटवाटा:
साताऱ्याला, मुलाकडे. गाडी विकली असं ऐकलं. तुमचं सगळ्यांचं वाचून कालपासून स्वस्थ बसवत नाहीये. रविवारी जाऊन येतो. फोन करून नाही, सरळ दारातच.

करवीरचा:
जा भावा. आन् मागं त्यांना बसवून खंबाटकीपर्यंत तरी चक्कर मारून आण.

दोनस्ट्रोक:
सातारा रोडनेच जाणार ना? मी कात्रजला भेटतो, येतो बरोबर. आणि शनिवारी कुणी नाना पेठेत पार्टच्या बाजारात जाणार असेल तर रोडकिंगच्या इग्निशन पॉइंटचा एक सेट बघा माझ्यासाठी.