नॅचरल कॉफीचा फळांचा वास येतो कुठून?

बिनसाखर: दोन्ही पाकिटं इथिओपियातल्या यिर्गाचेफची, दोन्ही हलक्या भाजणीची. एकावर ‘वॉश्ड’, दुसऱ्यावर ‘नॅचरल’. वॉश्ड अगदी पातळ, लिंबाकडे झुकणारी. नॅचरलचं पाकीट फोडल्याबरोबर पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा भपका! वरून इसेन्स मारतात का हो? घरात पैज लागलीय.

गाळणी: इसेन्स नाही. कॉफीच्या फळात साल, गर, बियांना चिकटलेला बुळबुळीत थर, मग पार्चमेंटचं टरफल आणि आत बहुधा दोन बिया. वॉश्डमध्ये साल-गर यंत्राने काढतात, बुळबुळीत थर टाकीत आंबवून सुटा करतात (बहुतेक ठिकाणी 12 ते 36 तास), धुतात, मग वाळवतात. नॅचरलमध्ये अख्खं फळच जाळीच्या मांडवावर दोन-तीन आठवडे वाळतं. तेवढा वेळ यीस्ट आणि बॅक्टेरिया गरातल्या साखरेवर ताव मारतात. त्यातून एस्टर, म्हणजे फळांसारखा वास देणारी रसायनं, तयार होतात. तुमची स्ट्रॉबेरी ती.

गराची गोडी दाण्यात झिरपते असं सर्रास सांगतात, मला ते पटत नाही. बी या काळात जिवंत असते. वॉश्डमध्ये ती रुजायला लागते आणि स्वतःचंच ग्लुकोज-फ्रुक्टोज खर्च करते. नॅचरलमध्ये ते जास्त शिल्लक राहतं. म्हणजे गोडी बाहेरून शिरत नाही, आतली उरते.

दोन्ही पाकिटांतला एकेक दाणा पालथा करून मधली चीर बघा. वॉश्डची पांढुरकी दिसेल, नॅचरलची तपकिरी.

बिनसाखर: पाहिली. फरक लख्ख दिसतो! मग ‘हनी’त मध घालतात का? आणि ‘अ‍ॅनारोबिक’?

गाळणी: मधाचा थेंबही नसतो. साल काढायची, चिकट थर कमी-जास्त ठेवून तसंच वाळवायचं. कोस्टा रिकात यलो, रेड, ब्लॅक असे प्रकार करतात. ब्लॅकमध्ये थर जास्त, वाळणं संथ, चव नॅचरलच्या जवळ.

अ‍ॅनारोबिकमध्ये बंद टाकीत, ऑक्सिजनशिवाय आंबवतात. 2015 ची जागतिक बरिस्ता स्पर्धा साशा शेस्टिच यांनी वाइनच्या तंत्रावर बेतलेल्या कार्बोनिक मॅसरेशनच्या (कार्बन डायऑक्साइड भरलेल्या बंद टाकीत आंबवलेल्या) कॉफीवर जिंकली, आणि मग या टाक्यांचं पेवच फुटलं. माझं तोंड वाकडं होतं ते इथे. यातल्या कित्येक कॉफ्या दालचिनी आणि च्युइंगगम यांच्या मध्ये कुठेतरी लागतात. दाणा इथिओपियाचा की कोलंबियाचा, ओळखू येत नाही. काही जण टाकीत फळंही घालतात, काही तर खरोखरच सुगंध मुरवतात. त्यामुळे तुमच्या पैजेतला इसेन्सवाला अगदीच वेडा नाही. पाकिटावर ‘इन्फ्यूज्ड’ किंवा ‘को-फर्मेंटेड’ लिहिलंय का ते बघा. लपवून विकणाऱ्याकडून मी घेत नाही.

जाडदळ: फळं-फुलं नकोत असाही एक वर्ग आहे, मी त्यातला. सुमात्राची गिलिंग बासाह पद्धत बघा. दाण्यात बरीच ओल असतानाच पार्चमेंट काढतात आणि उघडा दाणा वाळवतात. कच्चा दाणा निळसर-हिरवा, कपातली कॉफी जड, मातकट, आंबटपणा नावालाच.

गाळणी: मॉन्सून्ड मलबार राहिलीच की! ती तर नॅचरल पद्धतीने वाळल्यावर पुन्हा दमट वाऱ्यात पसरून ठेवतात. दाणा फुगतो, फिकट पिवळा पडतो, आंबटपणा पार ओसरतो. जाडदळ, तुम्हाला चालेल. बिनसाखर, तुम्ही आधी वॉश्डच संपवा, थोडी कोमट होऊ देऊन प्या.