विषय: पेटी वाजवायला जागा (बॉस्टन परिसर)

नमस्कार मंडळी,
सप्टेंबरात पुण्याहून ऑलस्टनला आलो, मास्टर्सचं पहिलं वर्ष. पेटी वाजवतो, थोडं गातो. रूममेट तबल्याला असतो. घरी बसलो की खालचे भाडेकरू छताला काठी ठोकतात, तीही समेवर नाही. कॅम्पसवरच्या दिवाळीत दोन नाचांच्या मध्ये साडेतीन मिनिटं मिळाली, त्यातलं एक माइक सुरू होण्यात गेलं. इथे कॉलेजच्या पोरांना कुठे वाजवू देतात? गणपतीपर्यंत थांबवत नाही.
तन्मय

---

तन्मय,
गणपतीपर्यंत थांबलास तरी आरती आणि जेवण यांच्या मधली वेळ मिळेल. मी ती वीस वर्षं भोगली आहे. मसालेभाताच्या वासापुढे भैरवीसुद्धा टिकत नाही.

हार्वर्ड स्क्वेअरला पासीममध्ये जा. १९५८ साली क्लब ४७ म्हणून सुरू झालेली जागा; बॉस्टन युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली लोकगायिका जोन बाएझ त्या सुमारास तिथेच गायची. आता तळघरातली छोटी खोली आहे, आणि लोक खरंच ऐकायला येतात. ओपन माइकला नाव द्यायचं, एकदोन गाण्यांचा वेळ मिळतो. पहिल्यांदा नुसता ऐकायला जा, दुसऱ्यांदा पेटी ने.

आणि ख्याल नको रे बाबा. मी एका ओपन माइकला हौसेने आलाप सुरू केला, तर सूत्रसंचालक हळूच येऊन विचारतो, "काही बिघडलंय का?" त्याला वाटलं मी अजून सूरच लावतेय! पुढच्या वेळी अभंग घेतला. ध्रुवपद तिसऱ्यांदा आलं तेव्हा मागच्या टेबलावरचे दोघे टाळ्यांनी ठेका धरून होते.
सुलभाकाकू, नेटिक

---

काकूंशी सहमत, पण आधी व्हिसाचं. तू एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असशील तर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर कमाई चालत नाही, मग ती वीस डॉलरची का असेना. पुढ्यात टोपी ठेवण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसात विचार. हार्वर्ड स्क्वेअरच्या फुटपाथवर वाजवायला केंब्रिजचं परमिटही लागतं. गायिका ट्रेसी चॅपमन इथल्या टफ्ट्स युनिव्हर्सिटीत शिकताना याच चौकात गायची हे खरं, पण तिच्याकडे गिटार होती. जानेवारीत उघड्यावर भाता मारून बघ, बोटं राहतील का!

आता कामाचं. साउंडवाल्याने पेटी पाहिलेली नसते. "जमिनीवर बसणार, बुटके स्टँड हवेत" हे आधीच कळव, नाहीतर माइक कपाळाला लागतो. तबल्याला दोन माइक माग, दायाँला एक, बायाँला एक. तानपुऱ्याचं अ‍ॅप फोनच्या स्पीकरवरून ऐकू जात नाही, वायर स्वतःची ने. स्वर सांगताना पांढरी चार नको, एफ म्हण. कुणी गिटारवाला साथीला बसला तर त्यालाच पेटीशी जुळवून घ्यायला सांग; पेटीचे सूर तिथल्या तिथे हलत नाहीत.

हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत पुडी (तबल्यावरचं कातडं) ताणते आणि तबला चढतो. पोचल्या पोचल्या हातोडी घेऊ नका, अर्धा तास उघडा ठेवा, मग जुळवा.
मिलिंद, फ्रेमिंगहॅम

---

वृद्धनिवास कुणी सुचवला नाही अजून. आमच्या सासूबाई होत्या तिथे दुपारच्या गाण्याला पोरं यायची, फुकट. श्रोते झोपतात, पण उठून जात नाहीत. लायब्ररीच्या हॉललाही विचार. आणि एमआयटीच्या मिठास या भारतीय संगीताच्या संस्थेच्या मैफलींना सतरंज्या उचलायला जा. १९९३पासून चालू आहे, तिथे साथीदार हवा असलेली माणसं भेटतात.
वैशाली

---

काकू, दादा, ताई,
पासीमला गेलो. पहिल्या मंगळवारी नुसतं ऐकलं, काल वाजवलं. अभंगच. बुटका स्टँड एकच होता, तो तबल्याला दिला आणि मी पेटी खुर्चीवर ठेवून उभ्यानेच वाजवली. भाता डाव्या हाताने मारताना खुर्ची सरकत होती, म्हणून रूममेटने पायाने धरून ठेवली, त्यामुळे त्याचा बायाँ जरा वाकडाच लागला. टाळ्या बऱ्या पडल्या. एका आजोबांनी विचारलं, हे अकॉर्डियन आडवं का आहे?

शनिवारी वृद्धनिवासात विचारणार आहे. तोवर पेटीची जुनी बॅग कुणाकडे पडून आहे का? टी-मधून (इथली मेट्रो) दुपट्यात गुंडाळून नेतोय, लोक बाळ समजून जागा देतात.
तन्मय