मदत हवी आहे : ‘अवतार’ आणि ‘देहधारण’ यातला फरक सोप्या मराठीत कसा सांगू?

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, सदरला राहते, आमच्या चर्चमध्ये रविवारी मुलांचा वर्ग घेते. शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, “अवो, तुमचा येशू म्हणजे आमच्या रामकृष्णासारखा अवतारच ना?” मला पटकन उत्तर देता आलं नाही, आणि ते मनाला लागून राहिलंय.

बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानात ‘शब्द (म्हणजे ख्रिस्त) देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली’ असं आहे. देवाने असा माणसाचा देह घेणं, यालाच आम्ही देहधारण म्हणतो. तिथल्या ‘वस्ती केली’ या शब्दांमागच्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ तंबू ठोकणं! इ. स. 451 मध्ये खाल्कीदोन इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य असल्याचं ठरवलं. हे मला पाठ आहे. पण काकूंसमोर परिषद काय कामाची?

काकांना अर्धांगवायू झाल्यापासून त्या रोज त्यांना भाताची पेज चमच्याने भरवतात, ओघळलेली पदराने टिपतात. त्यांना मला सांगायचंय की देव लांबून कृपा पाठवून थांबला नाही. तो गव्हाणीत तान्हं बाळ झाला, त्याला भूक लागली, त्याचा मित्र लाजर मेला तेव्हा तो रडला. देवाची काळजी म्हणजे माझ्या लेखी हेच. मत्तयाच्या शुभवर्तमानातला, देवाच्या इच्छेशिवाय एक चिमणीही जमिनीवर पडत नाही, हा दाखलाही आहे, पण दुःखात असलेल्या माणसाला तो वरवरचा वाटेल अशी भीती वाटते.

काकूंची श्रद्धा न दुखावता हे कसं मांडाल? ‘देहधारण’ला घरगुती शब्द आहे का? मुलांना तुम्ही कसं शिकवता, तेही सांगा.