इंटरव्ह्यूच्या तयारीला ग्रुप केलाय, पण गाडी पुढं जाईना

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. आम्ही सहा जण, व्हीटीयूखालच्या (विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी) कॉलेजात सातव्या सेमला, सगळे कॉम्प्युटर सायन्स. जूनपासून रोज संध्याकाळी बेळगावात टिळकवाडीत एका मित्राच्या रूमवर बसायलोय. डेटा साठवायच्या रचनांपैकी ॲरे, स्ट्रिंग, लिंक्ड लिस्ट झालं, आता ट्री चाललंय. एवढं करून गेल्या आठवड्यात एका कंपनीच्या पहिल्या टेक्निकल राउंडलाच सहातले पाच जण बाहेर पडलो. वाईट याचं वाटतंय की मला आलेला प्रश्न बायनरी सर्चचा (क्रमानं लावलेल्या यादीत दर वेळी अर्धा भाग सोडून शोधायचं) होता, आधी दोनदा केलेला. कोड लिहिला, चालला पण. मग मॅडमनी विचारलं, मधला इंडेक्स, म्हणजे मधल्या जागेचा नंबर, काढताना लो अधिक हाय (शोधायच्या भागाची दोन टोकं), त्याला भागिले दोन लिहिलंयस, यात कधी घोटाळा होईल काय? तोंडातनं शब्द फुटेना.
ग्रुपात एकजण लई फास्ट आहे, तोच बोर्डवर सोडवतो आणि आम्ही कळलं कळलं म्हणत वहीत उतरवून घेतो. त्यात मला साडेसातची बस धरायची असती, म्हणून शेवटचा प्रॉब्लेम कायम अर्धा ऱ्हातोय. ग्रुप सोडून एकट्यानं करू काय?

निपाणीचा पाव्हणा:
ग्रुप सोडू नको बाबा. मी चार वर्षं झाली पुण्यात नोकरी करतोय, आता आमच्या टीमसाठी इंटरव्ह्यू पण घेतोय, म्हणून सांगतो.
आधी तुझा प्रश्न. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत इंटची, म्हणजे साध्या पूर्णांकाची, कमाल किंमत २,१४,७४,८३,६४७. लो आणि हाय दोन्ही मोठे असले की बेरीज त्याच्या वर जाती आणि आकडा उलटून मायनस होतोय, मग इंडेक्सच चुकला. म्हणून आधी कंसात हाय वजा लो, त्याला भागिले दोन, आणि ते लो मध्ये मिळवायचं, असं लिहायचं. हीच चूक जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत कित्येक वर्षं होती, २००६ साली तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच त्यावर जाहीर लिहिलं. त्यामुळं तुला आलं नाही म्हणून खचू नको, पण असलं "का" विचारणारा माणूस तुमच्या ग्रुपात पाहिजे होता.
तो फास्ट पोरगा आहे ना, त्याच्या हातातला मार्कर काढून घ्या. त्याला इंटरव्ह्यू घेणाऱ्याच्या खुर्चीत बसवा, बोर्डवर बाकीच्यांपैकी एक. पस्तीस मिनिटं प्रॉब्लेम, दहा मिनिटं काय चुकलं ते बोलायचं. पहिली पाच मिनिटं कोडला हात लावायचा नाही, नुसतं विचारायचं, इनपुट केवढा, एकच आकडा दोनदा येतोय काय, मायनस असतील काय, ॲरे रिकामा आला तर काय. आमच्याकडं येणारी बरीच पोरं इथंच घसरतात, प्रश्न पुरता ऐकायच्या आधी टाइप करायला लागतात.

शहापूरची:
वरचं सगळं बरोबर आहे, माझा अनुभव थोडा वेगळा सांगते. आम्ही पाचजणी होतो, दोघी घरी कन्नड बोलणाऱ्या, दोघी मराठी, एकीच्या घरी उर्दू. आम्हाला लॉजिक यायचं पण इंग्लिशमधनं सांगताना अडायचं. मग आम्ही ठरवलं, पहिल्यांदा ज्या भाषेत डोकं चालतंय त्या भाषेत सांगायचं, लगेच तेच परत इंग्लिशमध्ये, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. माझं पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं तर मधली सहा मिनिटं नुसता फॅनचा आवाज. मी मनात विचार करत होते, पण समोरच्याला ते कसं कळणार? तेव्हापासनं "आता मी हॅश मॅप घ्यायचा विचार करते कारण परत परत शोधायला लागतंय" (हॅश मॅप म्हणजे हवी ती नोंद पटकन शोधून देणारी रचना) असं अर्धवट असलं तरी तोंडानं बोलायची सवय लावली. दीड महिना लागला, पण लागली.

मच्छेवाला:
अजून एक, ट्रीच्या नादात बाकीचं सोडू नका. फ्रेशरला डीबीएमएस (डेटाबेस), ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) आणि स्वतःचा प्रोजेक्ट हमखास विचारतात. डेटाबेसच्या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, लावल्यावर वाचायला फास्ट होतंय मग सगळ्याच कॉलमवर का लावत नाही, असं मला विचारलेलं. उत्तर सोपं आहे, प्रत्येक इन्सर्टला, म्हणजे नवी नोंद घालताना, तो इंडेक्स पण बदलावा लागतोय आणि जागा जाती ती वेगळीच, पण आयत्या वेळी सुचायला पाहिजे. आणि कोड साध्या नोटपॅडवर लिहून बघा, सजेशन येत नाहीत तिथं.

खानापूरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी करून बघितलं. फास्ट मित्र खुर्चीत बसला आणि मला विचारत सुटला, लिंक्ड लिस्टमधली सायकल (यादी फिरून परत स्वतःलाच जोडलेली) शोधताना एक पॉइंटर, म्हणजे जागा दाखवणारा खुणेचा बाण, दोन घरं आणि एक पॉइंटर एक घर चालवलास, पण ते भेटतीलच कशावरनं? चार महिन्यांत पहिल्यांदा मी बोर्डवर उभं राहून सांगितलं की दोघं सायकलमध्ये आले की दर पावलाला मधलं अंतर एकानं कमी होतंय, म्हणून भेटणारच. सांगता सांगता मलाच नीट कळलं ते. बस धरणाऱ्यांची बोर्डवरची पाळी आता सहालाच लावलीय.
निपाणीच्या दादा, एखाद्या शनिवारी रात्री ऑनलाइन आमचा एक मॉक (सरावाचा इंटरव्ह्यू) घ्याल काय?

निपाणीचा पाव्हणा:
घेतो की. या शनिवारी नऊला, दोघंजण तयार ऱ्हावा. रेझ्युमे आधी पाठवा, प्रश्न त्यातनंच काढणार.