सुईपुढे अण्णा

‘या वयात सुईला काय घाबरायचं?’ असं लोक मोठ्या माणसांना म्हणतात, ते मला काही पटलं नाही. आमचे अण्णा शेतात साप निघाला तरी काठी घेऊन पुढे होणारे. पण मार्च २०२१ मध्ये साठीपुढच्यांचं कोविड लसीकरण सुरू झालं, तेव्हा तीनदा आधार कार्ड ‘विसरून’ घरी परतले. चौथ्यांदा टोचून घेतलं आणि खुर्चीतच पांढरेफटक पडले.

हा भित्रेपणा नव्हे. सुई दिसली की काहींचा रक्तदाब आधी चढतो आणि मग झपकन उतरतो, म्हणून भोवळ येते. अशांनी आडवं होऊनच टोचून घ्यावं. शिवाय आधी मांड्या, पोट आणि दुसऱ्या हाताची मूठ दहा-पंधरा सेकंद आवळून सोडायची, असं चार-पाचदा (हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारून). टोचायचा दंड मात्र सैल, नाहीतर जास्त दुखतं.

आता नागिणीच्या लसीचे दोन डोस आहेत, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. पहिल्याला अण्णांनी सिस्टरना आधीच सांगून टाकलं, “मला चक्कर येते, कॉटवर घ्या.” टोचताना भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एकादश्या मोजत पडले होते. दुसऱ्याची तारीख विचारली की अजून ‘बघू’ म्हणतात.