शेलूचं घर म्हणजे गिरणी कामगाराला मिळालेला न्याय का?

लेक काळाचौकीची

बाबा १९६९ साली गिरणीत लागले, विणाई खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. तो संप रीतसर मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही. बाबांना परत कामावर घेतलं नाही आणि नंतरची सोळा वर्षं ते मस्जिद बंदरच्या एका गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन होते. गेले तेही तिथूनच.

आई आता शहात्तर वर्षांची आहे. गिरणी कामगारांना सरकार जी घरं देतं, त्यासाठी तिच्या नावाने आम्ही अर्ज भरला, तेव्हा बाबांचं तिकीट, ईएसआयचा नंबर, फंडाची पावती, सगळं पत्र्याच्या पेटीतून निघालं. तिने एकही कागद टाकला नव्हता. आता विचारणा होते आहे की बदलापूरच्या पुढे, कर्जतच्या वाटेवर, शेलू किंवा वांगणीला घर घेणार का. साडेनऊ लाख भरायचे. काळाचौकीहून तिथे पोचायला लोकल धरून दोन तास लागतात.

मला अंतराचं दुःख आहेच, पण ते मोठं नाही. मला सलतो तो नियमातला बदल. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ सांगत होता की गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे साधारण तीन वाटे होतील. एक मालकाचा, एक म्हाडाचा घरांसाठी, एक पालिकेचा मैदान-बागेसाठी. २००१ मध्ये नियम बदलला. वाटे करायचे ते फक्त 'मोकळ्या' जमिनीचे, आणि शेड पाडून जी जमीन मोकळी होईल ती त्यात धरायची नाही. गिरणी म्हणजे मुळात शेडच. साचेखातं (मागांचं), त्रासन (सूतकताईचं), गोदाम, चिमणी हे वगळलं तर मोकळं उरतं काय? एका शब्दाचा अर्थ बदलला आणि आमच्या वाट्याचं लालबाग-परळ गेलं.

सत्ता म्हणजे लाठी किंवा तुरुंग असं मला लहानपणी वाटायचं. संपात ते पाहिलंही. पण खरी सत्ता मला या शब्दात दिसली. म्हणून विचारते, हा न्याय आहे का?

हिशेबाचा माणूस

मीही परळच्या चाळीत वाढलो, त्यामुळे परका समजू नका. पण मला हे पटत नाही.

पहिली गोष्ट, गिरण्या नुसत्या संपाने गेल्या नाहीत. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांनी कापड स्वस्तात काढायला सुरुवात केली होती. यंत्रं जुनी झाली होती, मालकांनी पैसा दुसरीकडे वळवला होता. संप झाला नसता तरी दहा-पंधरा वर्षांत बऱ्याच गिरण्या बंद पडल्या असत्या. नोकरी जाणं हे दुर्दैव आहे. नोकरी गेलेल्या प्रत्येकाला राज्याने मुंबईत घर द्यावं, असा हक्क त्यातून कसा निघतो?

दुसरी गोष्ट आकड्यांची. मुंबईतल्या गिरण्यांची सगळी जमीन मिळून सहाशे एकरांच्या आसपास. तुमच्या म्हणण्याप्रमाणे पूर्ण तिसरा वाटा मिळाला असता तर दोनशे एकर, म्हणजे ऐंशी हेक्टर. हेक्टरी पाचशे घरं दाटीवाटीने धरा. चाळीस हजार घरं होतात. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात आहेत. म्हणजे नियम बदलला नसता तरी चारांतल्या तिघांना मुंबईबाहेरच जावं लागलं असतं. जे शक्यच नव्हतं ते मिळालं नाही, याला अन्याय म्हणू नये.

लेक काळाचौकीची

तुमचाच आकडा घेते. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली, २०१६ ला २,६३४, २०२० ला ३,८९४. बेरीज १३,४५३. पनवेलजवळ कोनची घरं मी धरत नाही, ती गिरण्यांच्या जमिनीवरची नाहीत. तुमचे चाळीस हजार वजा हे. साडेसव्वीस हजार कुटुंबं गिरणगावात राहिली असती. ही तुम्हाला शक्यच नसलेली गोष्ट वाटते?

सगळ्यांना मिळालं नसतं, मान्य. पण नियमाप्रमाणे चिठ्ठी टाकून माझं नाव न निघणं वेगळं, आणि चिठ्ठ्याच कमी टाकणं वेगळं.

कायद्याचा विद्यार्थी

दोघांच्या हिशेबात दुरुस्ती. म्हाडाच्या वाट्यावर जी घरं होतात त्यांतली काही संक्रमण शिबिरासाठी, म्हणजे इमारत पडलेल्या-पाडलेल्या रहिवाशांच्या तात्पुरत्या घरांसाठी, जातात, सगळी कामगारांना नाही. शिवाय सगळ्याच गिरण्यांच्या जमिनी विकासाला निघालेल्या नाहीत. त्यामुळे साडेसव्वीस हजार हा आकडा जरा खाली येईल.

आणि न्यायालयाबद्दल. २००१ च्या बदलाला आव्हान दिलं गेलं होतं. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मोकळ्या जमिनीचा व्यापक अर्थ लावला, तुमच्या बाजूचा. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि बदल वैध ठरवला. त्यामागे कारणं होती. आजारी गिरण्या सावरायच्या, कामगारांची थकलेली देणी द्यायची, तर जमिनीतून पैसा उभा राहायला हवा. हा विचार खोटा नव्हता. बऱ्याच जणांना त्यातून देणी मिळाली.

लेक काळाचौकीची

देणी मिळाली, हो. पण मधल्या काळात काय झालं तेही सांगा. २००५ च्या जुलैत, खटला चालू असतानाच, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना विकली. ती सरकारी गिरणी होती, खासगी मालकाची नव्हे. सरकारच विकणारं, सरकारच नियम करणारं. सर्वोच्च न्यायालयाने धोरण वैध ठरवलं, त्यापुढे मी मान झुकवते. वैध आहे म्हणून ते न्याय्य होतं, हे मात्र माझ्याकडून कुणी वदवून घेऊ नये.

वांगणीकर

ताई, तुमचं दुःख समजतं. पण एक गोष्ट मनाला लागली म्हणून लिहितोय.

मी वांगणीत राहतो, अकरा वर्षं झाली. भायखळ्याजवळ एका इस्पितळात वॉर्डबॉय आहे, ठेकेदाराकडून. पहाटे निघतो, बदलापूरला गाडी अशी भरते की हात खाली केला तर वर येत नाही. तरी गाव म्हणून वांगणी वाईट नाही. पाऊस पडला की डोंगर हिरवे होतात, माझी मुलगी इथल्याच शाळेत शिकते. शेलू-वांगणी म्हणजे हद्दपारी, असं मोर्च्यांत बोललं जातं ते ऐकलं की वाटतं, मग आम्ही कोण? आम्हाला कुणी हद्दपार केलं? आमची तर यादीच नाही. १ जानेवारी १९८२ ला हजेरीपटावर ज्याचं नाव होतं तो पात्र. माझा बाप तेव्हा दापोलीला दुसऱ्याच्या शेतात राबत होता, त्याचं नाव कुठल्याच पटावर नव्हतं.

न्याय फक्त पटावरच्यांना का?

हिशेबाचा माणूस

मला जे म्हणायचं होतं ते यांनी जास्त चांगलं सांगितलं. सरकारकडे जमीन थोडी असेल तर ती भाड्याच्या घरांसाठी वापरा. आज जो या शहरात काम करतो, इस्पितळात, सफाईत, स्वयंपाकात, त्याला कामाजवळ परवडणारी खोली मिळू दे. चाळीस वर्षांपूर्वीच्या नोकरीवर नातवाला मालकीचं घर, आणि ते त्याने पुढे विकायचं, यात समाजाचा काय फायदा?

लेक काळाचौकीची

वांगणीकर दादा, हद्दपारी हा शब्द मी इथे लिहिला नाही, पण घरात बोलले आहे. यापुढे नाही बोलणार.

भाड्याच्या घरांना माझा विरोध नाही. उलट म्हाडाचा तो तिसरा वाटा पूर्ण मिळाला असता, तर त्यातच दादांसारख्यांची घरं बसली असती. पालिकेचा वाटा मिळाला असता तर परळच्या पोरांना मैदान मिळालं असतं. तोटा एकट्या कामगाराचा झाला नाही हो. पट माझ्या बापाचा होता, जमीन सगळ्या शहराला मिळणार होती.

जुना बदली कामगार

पोरी, मी पाच वर्षं बदली होतो, मग कायम झालो. वय आता सत्त्याहत्तर.

तू शब्दाचं म्हणालीस ते बरोबर, पण त्याआधी आणखी एक शब्द होता. 'प्रातिनिधिक' संघटना. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यात तरतूद होती की त्या धंद्यात एकच मान्य संघटना मालकाशी बोलणार. आम्ही अडीच लाख माणसं संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या मागे होतो. कायद्यासाठी आम्ही कुणीच नव्हतो. बोलणी करायचा हक्क ज्यांच्याकडे होता त्यांच्या मागे आम्ही नव्हतो आणि ज्यांच्या मागे होतो त्यांना तो हक्क नव्हता. संप का मिटला नाही, त्याचं मोठं कारण हे. तो शब्द बदलावा ही तर आमची एक मागणीच होती.

तरी मी तुझ्याशी भांडणार आहे. मी शेलूला हो म्हणणार. आमच्या खात्यातले, ज्यांच्याबरोबर खानावळीत जेवलो, त्यांतले चार उरलोत. ९ जुलै २०२५ ला आझाद मैदानात गिरणी कामगारांच्या मोर्च्यात मीही होतो, पावसात. घर नाकारलं तर हक्कच जाईल असं जे कलम सरकारने घातलं होतं ते काढायला लावलं, चांगलं झालं. पण ते काढलं म्हणून माझं वय थांबत नाही. मुंबईतच घर, असं म्हणत तू दहा वर्षं थांबशील. तुझी आई थांबेल का, ते तिला विचारलंस का?

लेक काळाचौकीची

काका, नव्हतं विचारलं. आत्ता विचारून आले.

आई आधी काहीच बोलली नाही. मग म्हणाली, पाणी किती वेळ असतं, आणि डॉक्टर चालत जाण्याइतका जवळ आहे का. मला या दोन्हीची उत्तरं देता आली नाहीत. एवढं सगळं लिहिलं, पण मी स्वतः कर्जतच्या गाडीने तिकडे उतरून ती जागा पाहिलेली नाही.

वांगणीकर

पाण्याचं मी सांगून उपयोग नाही, इमारतीगणिक वेगळं असतं. रविवारी या दोघी. स्टेशनवर घ्यायला येतो. आईंना दुपारचं ऊन लागणार नाही अशा गाडीने या.

लेक काळाचौकीची

सकाळी येतो. आई म्हणते, बाबांच्या कागदांची पेटीही बरोबर घेऊ, तिथे कुणी विचारलं तर. मी सांगितलं, तिथे कुणी विचारणार नाही. तरी ती घेणार आहे.

संमतीच्या कागदावर सही आम्ही अजून केलेली नाही.